मदत हवी आहे: मालिकेतला आजार आणि घरातला आजार यांतला फरक कसा समजवावा?

आम्ही मालवणजवळच्या एका वाडीत राहतो. माझ्या भाचीला डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर (स्वतःची ओळख एकसंध न राहणे आणि मधल्या काळातले न आठवणे, असा मानसिक आजार) असल्याचे निदान झाले असून तिचे उपचार चालू आहेत. परवा रात्री टीव्हीवरील मालिकेत नायिकेने केस मोकळे सोडले, आवाज घोगरा केला आणि वीज कडाडताच सुरी उचलली, तेव्हा फणसाच्या आठळ्या सोलता सोलता माझी आई म्हणाली, “आपल्या चेडवाचा पण असाच आसा काय गो?” भाची काही न बोलता उठून खळ्यात जाऊन बसली.

प्रत्यक्षात तिच्या बाबतीत असे नाट्य कधीच घडत नाही. बाजारातून घरी कशी आले हे तिला आठवत नाही, वहीतले स्वतःचेच अक्षर परके वाटते, आणि हे सारे ती लपवू पाहते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९९४ मध्ये या आजाराचे ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ हे जुने नाव बदलले, कारण एका देहात अनेक माणसे राहतात असे नसून, बहुधा बालपणीच्या वारंवार झालेल्या आघातांमुळे एकच ओळख एकसंध घडत नाही. मालिकांत मात्र दुसरे रूप हमखास खुनशीच असते (आणि शेवटी एका थपडेने बरेही होते!). काही जण तर यालाच स्किझोफ्रेनिया म्हणतात, जो पूर्णपणे वेगळा आजार आहे.

हा विषय संयमाने हाताळणारी एखादी मराठी मालिका किंवा मुलाखत आपल्या पाहण्यात आहे का? तसेच, ‘अंगात येणे’ हा शब्द न वापरता आईला हे कोणत्या शब्दांत सांगावे?