पेंचची वीज संध्याकाळी हवीच, पण खैरीच्या खालच्या नदीला काय?

पारशिवनीकर
जलविद्युत म्हटलं की नदी मेली, असं सरसकट बोलू नये. पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणाला ८० मेगावॉटचे दोन संच आहेत. विजेचे दोन वाटे मध्य प्रदेशाचे, एक आपला. सूर्य बुडाला की सौर वीज संपते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. थंड पडलेला कोळशाचा संच तापायला तास लागतात, पाण्याचा काही मिनिटांत फिरतो. अशा सोड-बंदने एरवी नदीचे हाल होतात. पाणी चढतं-उतरतं, माशांची अंडी उघडी पडतात, पिल्लं डबक्यांत अडकतात. पेंचवर मात्र हे पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात साठतं, चढउतार तिथेच जिरतो. म्हणून वीज हवी तेव्हा करा.

माझं भांडण खैरीच्या खालचं आहे. कालवे तिथून निघतात, नागपूरचं पाणी तिथून जातं. उन्हाळ्यात बिना गावाजवळच्या कन्हानच्या संगमापर्यंत नदी बघून या. कालव्यांच्या वाटपाआधी नदीची बारमाही धार बाजूला काढलीच पाहिजे.

धानवाला, मौदा
भाऊ, ही धार कोणाच्या वाट्यातून? वर चौराईचं धरण झालं तेव्हापासून तोतलाडोहात येणारं पाणी घटलं. २०१९ च्या जुलैत नागपुरात दिवसाआड नळ आले. आमी तर टेलवाले, कालव्याच्या शेवटाचे. धान निसवायच्या टायमाले एक पाणी चुकलं का दाणा पोचट. बांधीतलं पाणी नदीत सोडा म्हणणं सोपं आहे.

ढिवरपुरा
दोघंही मासोळीले विसरले. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात, तिथं मासेमारी बंद. आमाले खालची नदीच उरली. आन नुसत्या धारेनं मासा येत नाही. मृगाच्या पुरात तो वर चढतो, तो पूरच धरण अडवते. धार द्याच, पण पहिल्या मोठ्या पावसात दारंही उघडा.

पारशिवनीकर
पुराचं म्हणणं मान्य, ते मागणीत हवंच. मौदेकर, टेलला पाणी कमी पडतं त्यात कालव्यांच्या गळतीचा वाटा मोठा आहे, ते नदीच्या माथी मारू नका. गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने २०१८ मध्ये अधिसूचना काढली : नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी नदीत ठेवायचं. पेंचला असा आकडा का नको?

धानवाला, मौदा
गंगेले बर्फाचं पाणी आहे, पेंचले पावसाशिवाय कोण देते? गळती तुमीच म्हणता ना? मग आधी कालव्याचं अस्तरीकरण करा, वाचलेलं पाणी मोजा, त्यातलं नदीले द्या. त्याआधी कालव्याच्या पाण्याले हात लावाल तर आमचा विरोध राहील.