२ वर्षं कॉलवरच आहे, टीएल (टीम लीडर) व्हायचं तरी कसं?

रात्रीचा_राजा
खराडीत एका बीपीओत आहे, यूएसची व्हॉइस प्रोसेस, ऑर्डर-रिफंडची. दिवाळीत २ वर्षं होतील. एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) टार्गेटच्या आत, सीसॅट (कस्टमर किती खूश त्याचा स्कोअर) दर महिन्याला हिरवा, आमच्या बॅचला २० जण होतो त्यातले ४ उरलोय. आयजेपीला (कंपनीतल्याच लोकांतून दुसऱ्या जागेसाठीची निवड) दोनदा बसलो, दोन्ही वेळा रिजेक्ट. दुसऱ्यांदा पॅनेलने विचारलं टीमचं श्रिंकेज किती, मला फक्त माझ्या किती सुट्ट्या उरल्यात तेवढंच माहीत 😅 माझ्यानंतर आलेली पोरगी एसएमई (प्रोसेसची जाणकार, बाकीच्यांच्या शंका सोडवणारी) झाली पण. टीएलला विचारलं तर म्हणतो तू फ्लोअरवर लागतोस रे. घरी वेगळंच, बँकेच्या परीक्षा दे म्हणून मागे लागलेत. कंपनी बदलू का थांबू?

हडपसरकर
फ्लोअरवर लागतोस म्हणजे तू हललास की त्याच्या टीमचा आकडा पडतो, एवढाच अर्थ. मी पण हे ऐकून ८ महिने खुशीत होतो. आता श्रिंकेज. रोस्टरवर १०० जण आहेत आणि रजा, दांड्या, ट्रेनिंग, ब्रेक धरून प्रत्यक्ष कॉलवर ७०च मिळतात, तर श्रिंकेज ३० टक्के. टीएलचं अर्धं डोकं यातच जातं, आज कोण आला नाही, कोणाचा ब्रेक लांबला, क्यू लागलाय आणि दोघं पाणी प्यायला गेलेत. पॅनेलला हेच बघायचं असतं की तू हेडसेट काढून विचार करतोस का. तुमच्या टीमचा आठवड्याचा रिपोर्ट कोण काढतं? ते काम मागून घे. कंपनी बदललीस तर बहुतेक पुन्हा एजंट म्हणूनच घेतील, पगार थोडा वाढेल पण आयजेपीसाठीचं टेन्युअर शून्यापासून मोजतील.

मालाडची_मावशी
टीएलच व्हायचंय का नक्की? विचार कर हो, वरून मॅनेजर, खालून १५ पोरं आणि मध्ये सॅंडविच. मी क्यूएला (कॉल ऐकून मार्क देणारी टीम) गेले. त्याआधी स्वतःचेच जुने कॉल ऐकायला मागितले होते आणि लाज वाटली. एक बाई सांगतेय की काळा ड्रेस आला नाही, उद्या आईचा अंत्यविधी आहे, आणि मी तीनदा आय अंडरस्टँड युअर कन्सर्न म्हणून शेवटी हॅपी शॉपिंग म्हणत कॉल क्लोज केला. स्क्रिप्ट पूर्ण झालं म्हणून त्या कॉलला मार्क किती? ९६. इंटरव्ह्यूला मी हाच कॉल सांगितला, यात मार्कांचा फॉर्म कुठे चुकतो आणि मी कुठे चुकले ते. माझा सीसॅट तेव्हा तुझ्याइतका चांगला नव्हता, तरी घेतलं.

पिव्होट_पाटील
डब्ल्यूएफएमला (शिफ्ट आणि रोस्टर ठरवणारी टीम) या भावांनो, तिथे कोणी शिव्या घालत नाही (टीएल सोडून). मला चान्स नोव्हेंबरमुळे मिळाला. अमेरिकेत घड्याळ एक तास मागे गेलं की न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले साडेसहाऐवजी साडेसात, मग शिफ्ट, ब्रेक, कॅब सगळंच सरकतं. आमच्याकडे रोस्टर बदललं आणि कॅबवाल्यांना कोणी कळवलंच नाही, पहाटे अख्खी शिफ्ट कॉलवर आणि खाली गाड्या तासभर आधीच येऊन उभ्या, ड्रायव्हर वैतागलेले. मी कोण कुठे उतरतं त्याची एक्सेल बनवून दिली, व्हीलुकअप तेव्हा यूट्यूबवर बघून शिकलो. मार्चमध्ये घड्याळ पुन्हा पुढे जायच्या आधी त्यांनीच बोलावलं.

रात्रीचा_राजा
मावशी, काल माझे तीन कॉल ऐकले, एका कॉलवर मी होल्डवरून परत येऊन कस्टमरचं नावच चुकीचं घेतलंय 🙈 आणि हडपसरकर दादा, टीएलला विचारलं आठवड्याचा रिपोर्ट मी काढू का. म्हणाला काढ बाबा, मला तरी कुठे येतो, मागच्या आठवड्याच्या तारखा बदलून पाठवतो मी.