सायकलचा हेडसेट : कप ठोकून बसवू नका

तुम्ही विचारलंय की नवीन हेडसेटचे (सायकलचं हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या संचाचे) कप, म्हणजे बेअरिंग बसतात त्या वाट्या, लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठोकले तर चालेल का, तर कृपया नका हो ठोकू. कप जरासा तिरका गेला तरी हेडट्यूबचं, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचं, भोक फाकतं आणि मग नवा कपही घट्ट बसत नाही.

मी हार्डवेअरच्या दुकानातून १२ एमएमचा आट्यांचा रॉड, दोन नट आणि जाड मोठे वॉशर आणले, बेअरिंग बाजूला काढून ठेवली, हेडट्यूबला आतून ग्रीस लावलं, रॉड तिच्यातून आरपार घातला आणि एका वेळी एकच कप, नटाला पाव-पाव फेरा देत, चारी बाजूंनी फट सारखी आहे ना हे बघत बघत आत ओढला, पूर्ण टेकला की पाना एकदम जड होतो, तिथेच थांबायचं. फोर्कवरची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावरची) रेस, म्हणजे खालचं बेअरिंग टेकतं ती कडी, मात्र दुकानातच बसवून घ्या, तिला बरोब्बर मापाचा पाइप लागतो.

शेवटी आधी वरच्या कॅपचा बोल्ट, मगच स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट आवळा, उलटं केलंत तर खेळ (ढिलेपणा) राहतोच. पुढचा ब्रेक दाबून, खालच्या कपाला बोट लावून सायकल मागेपुढे हलवा, बोटाला टकटक जाणवली तर अजून ढिलं आहे, आणि हँडल जड फिरत असेल तर जास्त आवळलंय.