फी माफी पुरेशी नाही

फी माफ केली की अमेरिकेतली गरीब हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या कुटुंबांतली) मुलं आपोआप पदवीपर्यंत पोचतात, हे मत मला पटत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा ‘असॅप’ हा मुलांना वेळेत पदवी मिळवून देण्याचा उपक्रम पाहा. कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीच्या सरकारी कॉलेजांत, तो २००७ पासून चालू आहे. फीमधली तूट भरून काढणं हा त्याचा एक भाग झाला. खरी ताकद सल्लागारांत आहे. एरवी एका सल्लागाराकडे सहाशेहून जास्त मुलं असायची, इथे सुरुवातीच्या वर्षांत साठ ते ऐंशी. आणि मेट्रोचा महिन्याचा पास फुकट, पण सल्लागाराला नियमित भेटलात तरच! दोन नोकऱ्या करून शिकणाऱ्या मुलीला या पासाचं मोल काय असतं, ते हिशेबाच्या कागदावर दिसत नाही.

चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं निवडून याची तपासणी झाली, त्यात हिस्पॅनिक मुलं बरीच होती. तीन वर्षांत पदवी मिळवणारे उपक्रमात ४० टक्के, बाहेर २२. खर्च वाढला हे खरं, पण दर पदवीमागचा खर्च उलट कमी भरला. नंतर ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी हाच नमुना उचलला, तिथेही पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं.