'ब्रिमफुल ऑफ आशा' पहिल्यांदा कुठे ऐकलंत?

मिरजेची_माई
काल भाचीच्या गाडीत हे गाणं लागलं आणि मी तिला आवाज वाढवायला लावला. फेब्रुवारी १९९८. आम्ही तेव्हा इंग्लंडात लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडच्या जवळच राहायचो. रविवारी संध्याकाळी बीबीसीच्या रेडिओ वनवर चार्ट, म्हणजे आठवड्यात सगळ्यात जास्त खपलेल्या गाण्यांची यादी, लागायचा आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. आदल्या आठवड्यात पहिल्या नंबरावर टायटॅनिकचं गाणं होतं. त्या रविवारी बघते तर कॉर्नरशॉप नावाचा बँड, गाणारा तजिंदर सिंग, आणि गाणं कुणावर तर आपल्या आशाताईंवर! सांगलीत जन्मलेली, दीनानाथांची मुलगी, आणि अख्खं ब्रिटन तिच्या नावावर नाचतंय. मी पोळपाट तसाच टाकून ह्यांना हाका मारल्या.

फोन महाग होता तरी रात्री आईला लावला. तिला वाटलं आशाताई स्वतः गायल्यात. म्हटलं नाही गं, त्यांच्यावर गाणं केलंय, त्यात लताबाई आहेत, रफीसाहेब आहेत, आकाशवाणीसुद्धा आहे. आई म्हणाली, "मग? करणारच की गाणं त्यांच्यावर!"

तुम्ही कुठे होतात तेव्हा? लिहा.

जुनी_टेप
माई, छान लिहिलंत. एक भर घालतो. नंबर वन झालं ते डीजे नॉर्मन कुकचं रिमिक्स. फॅटबॉय स्लिम म्हणतात तोच. मूळ गाणं १९९७ मध्ये आलं आणि ६०व्या नंबरापर्यंतच पोचलं. पण रेडिओ वनचा निवेदक जॉन पील, त्याच्या श्रोत्यांनी त्या वर्षीच्या 'फेस्टिव्ह फिफ्टी'त, म्हणजे वर्षअखेरीच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत, त्यालाच पहिलं निवडलं होतं, म्हणजे कानसेनांना आधीच कळलं होतं. कुकने लय वाढवली, त्याबरोबर गाणाऱ्याचा सूरही वर चढला, आणि खाली दणदणीत ड्रम घातले. मी तेव्हा ब्रायटनला शिकत होतो. कुक तिथलाच म्हटल्यावर गावात विचारूच नका, कपड्यांच्या दुकानातसुद्धा तेच.

मला मात्र मूळ गाणंच जास्त आवडतं. ते निवांत आहे, दुपारी माजघरात रेडिओ लावून बसल्यासारखं.

कोथिंबीर_वडी
रिमिक्सच भारी. मूळ ऐकताना झोप येते 🙈

जुनी_टेप
झोप आली तर उत्तमच की. ध्रुवपदात उशीच मागितलीये त्याने!

कोथिंबीर_वडी
😂😂 हे मान्य

ब्लॅक_कंट्रीतला
तजिंदर मूळचा वॉल्व्हरहॅम्प्टनचा, आमच्या गावचा. मी तेव्हा तिथे शाळेत होतो, वर्गात मी एकटाच मराठी. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणली की मुलं नाक धरायची. घरी आई कॅसेट लावायची तेव्हा मी खिडक्या बंद करायचो, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मग हे गाणं आलं. शुक्रवारी टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स' हा चार्टमधल्या गाण्यांचा कार्यक्रम सगळेच बघायचे. सोमवारी वर्गातला सगळ्यात भारी मुलगा माझ्या बाकाशी येऊन विचारतो, ही आशा कोण, तुझ्या घरी तिची गाणी आहेत का? मी दुसऱ्या दिवशी आईची कॅसेट घेऊन गेलो. मराठी भावगीतांची होती. त्याने वॉकमनवर पूर्ण बाजू ऐकली, परत दिली आणि म्हणाला अजून आण.

बँडचं नावही मुद्दाम तसं ठेवलेलं, कॉर्नरशॉप म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. देशी माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार, असं तिथे सगळे धरूनच चालायचे. तेच नाव घेऊन पोरं चार्टच्या टोकावर जाऊन बसली. मला त्यांचा आजही अभिमान वाटतो.

मिरजेची_माई
अरे बाळा, खिडक्या बंद करायचास हे वाचून पोटात तुटलं. आईला सांगितलंस का कधी?

ब्लॅक_कंट्रीतला
गेल्या वर्षी सांगितलं. ती म्हणाली तिला माहीत होतं.

साउथॉलची_सून
आमच्याकडे लंडनच्या साउथॉलला भांगड्याच्या कॅसेट किराणा दुकानात, साडीच्या दुकानात मिळायच्या आणि धो धो खपायच्या. पण चार्टसाठी जी दुकानं विक्री कळवायची त्यात ही दुकानं नसायची. मग ती विक्री मोजणार कोण? आमच्या नणंदा तर कॉलेज बुडवून दुपारच्या डिस्कोला जायच्या, कारण रात्री घरून सोडत नसत. एवढा मोठा बाजार आणि बाहेर कुणाला पत्ता नाही. म्हणून आशाताईंचं नाव त्या यादीत वर दिसलं ना, तेव्हा सासूबाईंनी, ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांनीसुद्धा, पेढे वाटले. कुकर झाला, आले.

साउथॉलची_सून
हं, आणि पंजाबी एमसी या इथल्याच डीजेचं 'मुंडियां तो बच के' २००३ मध्ये पाचव्या नंबरावर गेलं ते तर अख्खं पंजाबीत! गाणारे लाभ जंजुआ. त्यात 'नाइट रायडर' मालिकेची धून. तोवर आम्ही सरावलो होतो, पेढे नाहीत.

पार्ल्याचा_पक्या
इथे मुंबईत आम्ही ते टीव्हीवर पाहिलं. कुणी सांगेल का, ते फोर्टी फाइव्ह फोर्टी फाइव्ह काय म्हणतात? मला रिव्हॉल्व्हर वाटायचं

जुनी_टेप
पक्या, ४५ फेऱ्यांची तबकडी. मिनिटाला ४५ वेळा फिरणारी, सात इंची. एकेका बाजूला एखाद-दुसरं गाणं. आपल्याकडे एचएमव्हीच्या निघायच्या, कारखाना कोलकात्याजवळ डमडमला. वडिलांकडे पेटी भरून होत्या आणि त्यांना हात लावायची आम्हाला बंदी. सुई तेच ठेवणार, पुसणार तेच. त्या गाण्यात हे सगळं आहे, म्हणून ते मला नाचाच्या गाण्यापेक्षा मोठं वाटतं. सिनेमाची गाणी ऐकत घरातल्या घरात मोठं झालेलं पोर लिहील तेच त्याने लिहिलंय. आणि एक आठवडा का होईना, दुकानात सगळ्यात जास्त खपलं तेच. पुढच्याच आठवड्यात मॅडोनाने खाली ओढलं.

पार्ल्याचा_पक्या
धन्यवाद दादा. आज कळलं

गवारप्रेमी
विषयांतर होतंय, पण माई, लेस्टरला तेव्हा गवार मिळायची का?

मिरजेची_माई
गवार, तोंडली, अळू सगळं मिळायचं. अळू महाग.

सदाशिव_४११०३०
जुनी टेप, त्या पेटीचं काय केलंत? आमच्याकडे आजोबांच्या तबकड्या आहेत, प्लेअरही आहे, पण सुई गेलीये. पुण्यात कुणी बसवून देतं का?

जुनी_टेप
आमची पेटी बहिणीकडे नाशिकला. सुईसाठी आधी प्लेअरच्या काट्रिजचा, म्हणजे सुई बसते त्या भागाचा, नंबर बघा, खालच्या बाजूला बारीक छापलेला असतो. फोटो टाका, मी बघतो.

सदाशिव_४११०३०
टाकतो संध्याकाळी. आत्ता मीटिंग आहे.