बिशप टॉम राइट यांचे कोणते पुस्तक आधी घ्यावे?

संथवाचक, नाशिक
नमस्कार. गेल्या वर्षी माझे बाबा प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. दफनविधीच्या वेळी पाळकांनी बायबलमधील, पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय वाचला. त्यात शरीराच्या पुनरुत्थानाची आशा आहे. पण भेटायला आलेला प्रत्येक जण मात्र “आत्मा स्वर्गात पोहोचला, देह काय, मातीच” असे म्हणून सांत्वन करीत राहिला, आणि या दोन गोष्टींचा मेळ मला अजून बसवता आलेला नाही. इंग्लंडमधील डरहॅमचे माजी बिशप टॉम राइट यांनी नेमके याच प्रश्नावर पुष्कळ लिहिले आहे, असे कळले. माझे इंग्रजी वाचन संथ आहे, खर्च आठशे रुपयांच्या आत ठेवायचा आहे आणि सध्या एकच पुस्तक घेता येईल. वाचलेले आईला रात्रीच्या प्रार्थनेनंतर मराठीतून सांगावे, अशीही इच्छा आहे.

पोथीप्रेमी, पुणे
ताई, प्रथम आपल्या दुःखात सहभागी आहे. आपल्या प्रश्नाला एकच उत्तर आहे, ते म्हणजे २००३ सालचे ‘द रिझरेक्शन ऑफ द सन ऑफ गॉड’. मेलेला मनुष्य देहासह परत येत नाही हे होमरपासूनचे ग्रीक-रोमन जग पक्के धरून होते, हे राइट आधी शेकडो पानांत दाखवतात, आणि मग येशूची रिकामी कबर व शिष्यांना झालेले दर्शन या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्याशिवाय पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या विश्वासाचा उगम कळत नाही, असे मांडतात. नुसती रिकामी कबर असती तर प्रेत चोरीला गेले असे वाटले असते. नुसते दर्शन झाले असते तर तो भास मानला गेला असता. किंमत आपण म्हणता त्याहून बरीच जास्त पडेल, परंतु अशा ग्रंथासाठी हात आखडू नये. हा ग्रंथ ज्या मालिकेतला आहे तिचे १९९२ पासूनचे सर्व खंड माझ्याकडे आहेत. पौलावरील चौथा खंड (२०१३) दोन भागांत मिळून सोळाशेहून अधिक पानांचा आहे आणि तो मी दोन पावसाळ्यांत पूर्ण वाचला.

जुनी पेटी, अहिल्यानगर
कोणतेही पुस्तक घ्या, पण मागवण्यापूर्वी नाव नीट तपासा. विद्वानांसाठीच्या ग्रंथांवर एन. टी. राइट आणि सर्वसामान्य वाचकांसाठीच्या अनेक पुस्तकांवर टॉम राइट असे नाव छापलेले असते; माणूस एकच आहे. शिवाय काही पुस्तकांची ब्रिटनमधील आणि अमेरिकेतील नावे वेगळी आहेत. मी ‘व्हर्च्यू रिबॉर्न’ वाचून भारावलो आणि लगेच ‘आफ्टर यू बिलीव्ह’ मागवले. पहिले पान उघडताच तेच पुस्तक पुन्हा हाती आल्याचे लक्षात आले. विक्रेत्याने ते परत घेतले नाही, आणि ते पैसे गेल्याची खंत मला आजही आहे.

तळटीप, कोल्हापूर
राइट यांची शिफारस करताना सावधगिरीची सूचनाही द्यायला हवी. देवाकडून माणूस नीतिमान ठरवला जाण्याविषयीचा त्यांचा विचार प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या परंपरेशी जुळत नाही. न्यायाधीश आपले स्वतःचे नीतिमत्त्व आरोपीच्या अंगावर घालत नाही, तो फक्त निकाल देतो, असे ते म्हणतात. मग ख्रिस्ताचे नीतिमत्त्व आपल्या हिशेबी धरले जाते, या शिकवणीचे काय उरते? अमेरिकेतील पाळक जॉन पायपर यांनी २००७ मध्ये यावर संपूर्ण पुस्तक लिहिले आहे. मी तेच आधी विकत घेतले आणि त्याचे मला समाधान आहे.

पोथीप्रेमी, पुणे
त्या पुस्तकाला राइट यांनी २००९ मध्ये ‘जस्टिफिकेशन’ लिहून उत्तर दिले, तेही वाचावे. या चर्चेचे मूळ नव्या कराराचे अभ्यासक ई. पी. सँडर्स यांच्या १९७७ च्या ग्रंथात आहे. पहिल्या शतकातील यहूदी लोक कर्मांनी तारण कमावू पाहत होते, हे चित्रच त्यांनी चुकीचे ठरवले. आपल्या मराठीत अडचण आणखी वाढते, कारण ‘नीतिमान’ म्हटले की सदाचारी मनुष्य डोळ्यांसमोर येतो आणि न्यायालयातील निकालाचा अर्थ हरवतो.

तळटीप, कोल्हापूर
शब्दाची अडचण मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही.

कृष्णाकाठ, सांगली
मीही पोथीप्रेमी यांच्याप्रमाणेच २००३ चा मोठा ग्रंथ सुचवेन. वाचन संथ असेल तर वर्षभर पुरेल. नव्या करारावरील त्यांच्या ‘फॉर एव्हरीवन’ मालिकेतील छोटी भाष्ये मात्र घेऊ नयेत. प्रत्येक उताऱ्यापूर्वी ते रोजच्या जीवनातला एखादा प्रसंग सांगतात, तळटिपा नसतात, आणि अभ्यासू वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही.

अंगण, न्यू जर्सी
मूळ प्रश्न बाबांविषयी होता, म्हणून पुन्हा तिकडे येते. माझी आई गेली तेव्हा मी ‘सरप्राइज्ड बाय होप’ वाचले. मृत्यूनंतर ख्रिस्तासोबत विसावा आहेच, पण ते अंतिम ठिकाण नव्हे, असे राइट त्यात सांगतात. शेवटी देव सृष्टी नवी करील आणि आपल्याला नवे शरीर देईल. याला ते ‘मृत्यूनंतरच्या जीवनानंतरचे जीवन’ म्हणतात. पौल ज्याला ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणतो ते आत्म्याच्या द्रव्याचे, हवेसारखे शरीर नसून देवाच्या आत्म्याने जिवंत ठेवलेले खरेखुरे शरीर आहे, हे वाचले तेव्हा आईचे कामाने खरबरीत झालेले हात आठवून मी पुष्कळ वेळ बसून राहिले. पंधराव्या अध्यायाचा शेवट “आता स्वस्थ बसून वाट पाहा” असा होत नाही, तर तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत असा होतो, याकडेही ते लक्ष वेधतात. हे मध्यम आकाराचे पुस्तक आहे आणि बहुधा आपल्या रकमेत बसेल.

संथवाचक, नाशिक
सर्वांचे मनापासून आभार. अंगणताई, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. बाबांनी तीस वर्षे वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी फुकट शिकवले. श्रम व्यर्थ नाहीत, हे वाक्य आईने मला पुन्हा वाचायला लावले. तरीही मी तुमचे पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवते आणि कृष्णाकाठ यांनी नको म्हटलेल्या मालिकेतील ‘पॉल फॉर एव्हरीवन : फर्स्ट करिंथियन्स’ मागवले आहे. बाबांच्या कबरीपाशी वाचलेला अध्याय त्यात ओळीने येतो, उतारे एका बैठकीत सांगण्याइतके लहान आहेत, आणि प्रसंगाने सुरुवात झाली तर आईला ऐकणे सोपे जाईल. लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव दोनदा तपासले आहे. पुस्तक आले की पहिल्या अध्यायापासून नव्हे, पंधराव्यापासून सुरुवात करणार आहोत.