रॅम, स्टोरेज, आयपी, क्लाउड : व्याख्या पाठ आहेत, पण फरक सांगता येत नाही

प्रश्न
नमस्कार. मी संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. हार्डवेअर, नेटवर्किंग आणि क्लाउड या तिन्ही प्रकरणांतील संज्ञांच्या व्याख्या मला पाठ आहेत, पण थोडा वेगळा प्रश्न आला की त्यांची सरमिसळ होते. परवा तोंडी परीक्षेत '५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ जीबीच का दिसते?' असे विचारले गेले. उरलेली जागा ऑपरेटिंग सिस्टिम वापरते, असे मी ठोकून दिले आणि ते चुकीचे ठरले. रॅमलाही मेमरी म्हणतात आणि मोबाइलच्या स्टोरेजलाही, मग नेमका फरक कोणता? आयपी पत्ता असताना मॅक पत्ता कशाला लागतो? आणि 'क्लाउड म्हणजे इंटरनेटवरचे स्टोरेज' एवढे उत्तर पुरते का?

उत्तर १
डिस्कच्या प्रश्नात जागा कोठेही गेलेली नाही, केवळ मोजमाप बदलले आहे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, तर विंडोज २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, धरून त्यालाही जीबीच म्हणते. भागाकार करून पाहा, ४६५.६६ येईल. या मोठ्या एककाला १९९८ मध्ये 'गिबीबाइट' असे वेगळे नाव देण्यात आले, पण ते बोलण्यात फारसे रुळले नाही. बिट आणि बाइट (८ बिट म्हणजे १ बाइट) यांचा घोळही याच जातीचा आहे : जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि डाउनलोडचा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये दिसतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिटच्या) जोडणीवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटच्या वर काही मिळत नाही.

रॅमबाबत 'तात्पुरती मेमरी' हे शब्द सगळेच लिहितात, पण ती तात्पुरती का, हे क्वचितच कोणी सांगते. डीरॅममधील (संगणकात मुख्य मेमरी म्हणून वापरल्या जाणाऱ्या रॅममधील) प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभारावर टिकून असतो आणि हा भार सतत गळत असतो. त्यामुळे प्रत्येक ओळ साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. वीज गेली की हे भरणे थांबते आणि जतन न केलेला मजकूर नाहीसा होतो. एसएसडी डिस्कच्या किंवा मोबाइलच्या स्टोरेजमधील फ्लॅश मेमरीत मात्र हा भार विद्युतरोधक थराआड कोंडलेला असतो, म्हणून तो विजेविना टिकतो, पण लिहिण्या-पुसण्याचा वेग रॅमपेक्षा बराच कमी पडतो.

उत्तर २
नेटवर्किंगचे मी सांगतो. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो आणि त्याचे काम एकाच स्थानिक जाळ्यापुरते असते. आयपी पत्ता मात्र पाकिटाला (जाळ्यावरून पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याला) जाळ्यांपलीकडच्या अंतिम ठिकाणापर्यंत नेण्यासाठी असतो. पाकीट एका राउटरकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा त्यावरचे मॅक पत्ते प्रत्येक टप्प्यावर बदलतात, पण मुक्कामाचा आयपी पत्ता सहसा तोच राहतो. हा एक मुद्दा नीट पटला की दोन पत्ते का लागतात, हा प्रश्नच उरत नाही.

'सहसा' म्हणण्याचे कारण नॅट, म्हणजे राउटरने वाटेत आयपी पत्ता बदलणे. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात आणि ते अपुरे पडले. त्यामुळे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत : १९२.१६८.१.५ हा पत्ता एकाच वेळी असंख्य घरांतील उपकरणांना असू शकतो आणि बाहेर पडताना राउटर त्याऐवजी आपला सार्वजनिक पत्ता लावतो.

बँडविड्थ (सेकंदाला किती माहिती जाऊ शकते) आणि लेटन्सी (माहिती पोहोचायला लागणारा वेळ) यांचीही गल्लत करू नका. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे विनंती जाऊन उत्तर यायला किमान १०० मिलिसेकंद लागणारच, मग बँडविड्थ कितीही वाढवा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. मॅक पत्ता टप्प्याटप्प्याला बदलतो, हे आमच्या नोट्समध्ये कोठेच नव्हते. क्लाउडचे मात्र राहिले.

उत्तर ३
तुमची व्याख्या अपुरी आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे दिली : ग्राहकाने मागेल तेव्हा स्वतःच साधने घेणे, जाळ्यावरून कोठूनही पोहोच, अनेक ग्राहकांत साधनांची वाटणी, गरजेनुसार झटपट वाढ-घट आणि वापराचे मोजमाप. दुसऱ्याच्या सर्व्हरवर फाइल ठेवली, एवढ्याने ही लक्षणे पूर्ण होत नाहीत. वाटणी शक्य होते ती हायपरव्हायझर या सॉफ्टवेअरमुळे, जो एका प्रत्यक्ष यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवतो. ॲमेझॉनने २००६ मध्ये ईसी२ या नावाने अशीच यंत्रे भाड्याने देण्यास सुरुवात केली.

आयएएएस (पायाभूत यंत्रणा), पीएएएस (प्रोग्रॅम चालवण्याचे व्यासपीठ) आणि एसएएएस (तयार सॉफ्टवेअर) या क्लाउड सेवेच्या तीन प्रकारांसाठी मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो : ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट कोण करणार? आपण करणार असू तर ते आयएएएस. ते काम पुरवठादाराचे आणि आपला फक्त प्रोग्रॅम असेल तर पीएएएस. प्रोग्रॅमही त्याचाच असेल, जसे ब्राउझरमधील जीमेल, तर एसएएएस.

प्रात्यक्षिकासाठी आभासी यंत्र घेणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. यंत्र थांबवले तरी त्याला जोडलेल्या डिस्कचे भाडे सहसा चालूच राहते, त्यामुळे सराव संपल्यावर डिस्कही काढून टाका.